पाणवठ्यावरचा पहारा

माणसाला विहीर खणायची अक्कल येण्याआधीची ही गोष्ट आहे. एका माळावर मेंढ्यांचा कळप राहत होता. उन्हाळ्यात तिथे पाण्याचं एकच डबकं उरलं. कळपाची पुढारीण होती धवळी नावाची म्हातारी मेंढी. तिने नियम केला, की पांढऱ्यांनी आधी प्यायचं आणि काळ्यांनी मागाहून उरलेलं गढूळ पाणी प्यायचं. शिंगाड्या नावाचा मेंढा काठावर पहारा करू लागला.

एके दिवशी वावटळ सुटली आणि तांबड्या मुरमाची धूळ साऱ्या कळपावर बसली. तहानेने मलूल झालेलं आपलं कोकरू घेऊन धवळी डबक्यावर आली. शिंगाड्याने तिला अडवलं.

"थांब. तू पांढरी नाहीस, तांबडी आहेस."

"मेल्या, मी धवळी! नियम मीच केलाय."

"आवाज ओळखीचा आहे, धवळाक्का. पण नियम रंगाचा आहे, आवाजाचा नाही."

मागून काजळी नावाची काळी मेंढी ओरडली, "अरे शिंगाड्या, लेकरू मरायला टेकलंय! आधी त्याला पिऊ दे, मग हवं तर तिला धुऊन बघ."

धवळीने मागे वळून पाहिलं. काजळीचं कोकरूही जीभ काढून धापा टाकत होतं.

"बाजूला हो," ती शिंगाड्याला म्हणाली. "दोन्ही कोकरांना आधी पिऊ दे. यापुढे तहान बघायची."

दुसऱ्या दिवशी धूळ झडली आणि रंग पुन्हा दिसू लागले. तरीही सगळी कोकरं आधी पाणी प्यायली. शिंगाड्याला काठावर काही काम उरलं नव्हतं. तो पाण्यासाठी काजळीच्या मागे रांगेत उभा राहिला.