हौदाचं बूच

“पण बर्फ का नको, ब्रदर?”

ब्रदर इनास चुलीपाशी वाकले. जवाच्या उकळत्या काढ्यावर त्यांनी झाकण ठेवलं आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

वसईतल्या त्या छोट्याशा मठात सणासाठी बीअर बनवायचं काम आयुष्यभर त्यांनीच केलं होतं. आता हात थरथरायचे. आजचा काढा शिष्याला साधला तर भट्टीची किल्ली त्याची. बिघडला तर भट्टी कायमची बंद.

शिष्य जॉयल रुमाव. कॉलेज संपवून मठात आलेला, आणि सगळं आजच्या आज बदलायचं म्हणणारा.

“मे महिना आहे,” तो म्हणाला. “गरम काढ्यात यीस्ट घातलं तर मरेल. रात्रभर कोमट राहिला तर काढा नासेल. बर्फाच्या दोन लाद्या आणल्या की...”

“बर्फ विकत आणायचा, तर बीअरही विकतच आणू की.”

जॉयल तरातरा उठला. विहिरीतून बादलीमागून बादली ओढून त्याने हौद भरला. दोघांनी मिळून भांडं त्यात उतरवलं. मग तो काठावर मांडी घालून बसला.

“थंड झाल्याशिवाय मी इथून उठणार नाही!”

“बरं,” म्हणत ब्रदर प्रार्थनेला गेले.

ऊन कललं. ब्रदर परतले.

“काय म्हणतोय काढा?”

“गरमच आहे. पण मी जागचा हललोसुद्धा नाही, ब्रदर.”

“तेच बघतोय...”

त्यांनी हौदात हात बुडवला.

“आंघोळीला छान आहे.”

मग वाकून त्यांनी तळाचं लाकडी बूच चाचपलं आणि उपसलं. पाणी भसाभसा पाटातून केळीच्या वाडीकडे निघालं.

“अहो, काय करताय! सगळं मी ओढलंय ते! हात बघा माझे!”

“बघितले. काढ्याची धग त्या पाण्याने घेतली. आता जाऊ दे त्याला.”

“आणि मी?”

ब्रदरांनी बादलीकडे बोट दाखवलं.

जॉयलने दात आवळले. पुन्हा हौद भरला. या वेळी बसला नाही. भांड्याभोवतीचं पाणी हाताने ढवळत राहिला. ते कोमट झालं. त्याचा हात बुचापाशी गेला... थांबला.

ब्रदर बघत होते.

त्याने बूच उपसलं.

मग पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. तळहातांना फोड आले, फुटले. केळीची आळी तुडुंब झाली. विहिरीच्या पाण्याने काढा आणखी गार होईना, तेव्हा त्याने भांडं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. समुद्रावरून वारा सुटलाच होता.

तिन्हीसांजेला ब्रदरांनी गोणपाट सारून भांड्याला मनगट लावलं. बराच वेळ.

“घाल यीस्ट.”

जॉयलने यीस्ट घातलं, झाकण लावलं. मग भट्टीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

“म्हणजे आता भट्टी माझी ना?”

ब्रदरांनी त्या सोललेल्या तळहातावर ओलं बूच ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

“हीच किल्ली. हौद भरायला कुणालाही येतं.”