जीप घासू नये म्हणून

माळेवाडीत एक भोळा जीपवाला होता. हैबती त्याचं नाव. मन कसं स्वच्छ, आणि डोकं मनाहून स्वच्छ. आत काही ठेवलेलंच नाही.

त्याच्या भाचीचं, सुगंधाचं, लग्न ठरलं. बहीण गजराअक्का म्हणाली, "हैबती, नवरी तुझ्याच जीपमधनं मांडवात यायची. बाराचा मुहूर्त हाय. मामाला उशीर झाला तर सासरचे पोरीला जन्मभर टोचतील."

हैबतीला चेव आला. त्यानं जीपला पुढं दोन रुंद चाकं बसवली. जीप दिसायची अशी, की बैलाला रेड्याचे पाय लावलेत. पण वळण आलं की चाक वरच्या पत्र्याला लागायचं. घर्र, घर्र.

तो शेकू मिस्त्रीकडं गेला.

"मिस्त्री, घासतंय."

मिस्त्री चहा पीत होता. "मग घासतंय ते कापायचं."

हैबतीनं घरी येऊन बघितलं. पत्र्यावर देवाचं नाव रंगवलेलं. त्याला कोयता कसा लावायचा? त्यानं चाक कापलं. चाक फुस्स झालं.

मिस्त्रीनं चाक जोडून दिलं आणि म्हणाला, "शहाण्या, खालचं न्हाई कापायचं, वरचं कापायचं."

खालचं नाही, वरचं. हैबतीनं ध्यानात ठेवलं, पण देवाच्या नावावर कोयता चालवायचं धाडस काही झालं नाही.

घरी बायको, द्वारका, लंगडत होती. "लग्नाला घेतलेली चप्पल घासतीया हो."

हैबतीनं लगेच वरचे पट्टे कापून दिले. तळ राखला. द्वारका दोन पावलं चालली. चप्पल होती तिथंच राहिली.

"अवो, घासलं तर तेल लावायचं असतं."

"मग हे आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं चाकांना तेल लावलं. चांगलं वाटीभर, गोडंतेल. मागं खताची चार पोती टाकली आणि निघाला. वळण आलं. रस्ता वळला, जीप काही वळली नाही. सरळ गेनबाच्या कांद्यात जाऊन रुतली.

गेनबानं आधी कांद्याकडं बघितलं, मग हैबतीकडं. "आता बघत काय बसलास? वजन उतरव. वजन उतरलं की जीप आपसूक वर येती."

पोती उतरवली. जीप वर आली, आणि वळवताना चाक पत्र्याला लागलं नाही. चाकाचं तेलही चिखलानं पुसून गेलं. हैबती मनात म्हणाला, इतकं सोपं होतं, मी उगाच वाटीभर तेल घालवलं.

लग्नाचा दिवस आला. अक्का पुढं जाऊन मांडवात थांबली. जीपमध्ये रुखवताची पेटी, दोन करवल्या आणि शालू नेसलेली सुगंधा.

पहिलं वळण. घर्र. हैबतीनं पेटी उतरवली.

दुसरं वळण. घर्र. करवल्या उतरवल्या.

तिसरं वळण. चाक अजून जरासं घासतच होतं.

"सुगंधे, उतर बाळा."

"मामा, मी हितं माळावर काय करू?"

"उभी ऱ्हा. तू सुपारीएवढी हायेस, पण वजन ते वजनच."

बाराला दहा कमी असताना जीप मांडवापुढं आली. वाजंत्री वाजली. वरमाय पुढं झाली. अक्का धावत आली, जीपमध्ये वाकून बघितलं, मागं बघितलं, खालीसुद्धा बघितलं.

"हैबती, नवरी कुठाय?"

"तिसऱ्या वळणावर. पण अक्का, मी आलो का न्हाई वेळेवर? आणि आवाज ऐकलास का चाकाचा? जरासुद्धा न्हाई."

अक्कानं कपाळाला हात लावला. "आरं मेल्या, जा, पोरीला घेऊन ये आधी."

हैबती जीपमध्ये चढला, चावी फिरवली, आणि मान बाहेर काढून म्हणाला, "आणतो की. पण मग घासंल, आत्ताच सांगून ठेवतो."