कोरी सोडलेली भिंत

एकदा एक गवंडी साठी उलटल्यावर जलरंग शिकायला निघाला. त्याचं नाव सिद्राम. गावचं वाचनालय त्यानेच बांधलं होतं. दगडी जोतं, पांढऱ्या भिंती, चाळीस फुटांची लांब बाजू आणि तिला सहा कमानदार खिडक्या. कोनशिलेवर देणगीदाराचं नाव होतं, ठेकेदाराचंही होतं. सिद्रामचं कुठेच नव्हतं.

वाचनालयाला पंचवीस वर्षं होणार होती. त्यानिमित्त आत लावायला इमारतीचं एक चित्र करून घ्यावं, असं ठरलं. सिद्राम भर बैठकीत उभा राहिला. "मी काढतो. पैसे नकोत. खाली माझं नाव तेवढं राहू द्या."

वाचनालयाचे चिटणीस हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "महिना आहे हातात. जमलं तर तुमचंच लावू. नाही तर शहरातनं चित्रकार बोलवावा लागेल."

गावात एक वृद्ध चित्रकार राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सिद्राम त्यांच्याकडे गेला आणि वाचनालयासमोरच्या मैदानात शिकवणी सुरू झाली.

सिद्रामचा हात स्थिर होता, रेघ ओळंब्यासारखी सरळ यायची. हात चांगला असला की डोळाही चांगला असणार, असं माणसाला वाटतं. तसं नसतं. सिद्राम सारखा उठे, एकेका खिडकीसमोर जाऊन उभा राही, नीट बघे आणि परत येऊन ती काढी. त्यामुळे कागदावर सहाही खिडक्या सारख्याच रुंद होत्या. सकाळी काढलेल्या खांबाची सावली एका बाजूला पडलेली, संध्याकाळी काढलेल्या खांबाची दुसऱ्या बाजूला. उन्हातल्या भिंतीवर त्याने पांढऱ्या रंगाचे इतके थर दिले होते, की ती गिलावा ओला राहिल्यासारखी मळकट दिसत होती.

वीस दिवस गेले. बायकोने चित्र पाहिलं. "अहो, हे वाचनालय हाय का उलगडलेलं खोकं?"

सिद्राम तसाच मास्तरांकडे गेला. "मास्तर, माप चुकलेलं नाही. टेप लावून बघा. सहाही खिडक्या तीन फुटीच आहेत."

दुसऱ्या दिवशी मास्तर डबाभर चुन्याची फक्की घेऊन आले. पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर आखणी करतात, तसा त्यांनी सिद्रामच्या स्टुलाभोवती चौकोन आखला. पांढऱ्या रंगाची नळी उचलून खिशात टाकली.

"आजपासून चार ते पाच, तेवढाच तास रंगवायचं. चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"मला काय डांबून ठेवताय का?"

"हो."

सिद्राम नवा कागद घेऊन बसला. जवळ जाता येईना, तेव्हा बसल्या जागेवरून बघणं भाग पडलं. थोड्या वेळाने तो कळवळून म्हणाला, "मास्तर, ती शेवटची खिडकी अगदी फटीएवढी होतेय."

"होऊ दे."

"जिवावर येतं हो. तिची कमान मी तीनदा पाडून बांधलीय."

तेव्हा मास्तर त्याच्या शेजारी मातीत बसले. "सिद्राम, इमारतीचा पाया तिकडे आहे. चित्राचा पाया इथे, तू बसलास तिथे. तू प्रत्येक खिडकीसाठी नवा पाया खणत होतास. अशाने काही उभं राहील का? उजेडाचंही तसंच. दिवसभराचा उजेड कागदावर मावत नाही, त्यातला एक तास निवडावा लागतो. आता सांग, भिंत बांधताना दाराची जागा तू कशी करतोस?"

"तिथं विटा लावत नाही. सोडतो."

"मग उन्हाची जागा रंग न लावता सोड. कागद पांढराच आहे."

सिद्रामने उन्हातल्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तर मी चाळीस वर्षं करत आलोय की."

उरलेले दिवस त्याने तो एकच तास रंगवलं. लांब बाजूवर निळसर सावली पाण्यासारखी पातळ पसरली. समोरच्या उन्हातल्या भिंतीला त्याचा कुंचला शिवलाही नाही.

समारंभाच्या दिवशी चिटणिसांनी चित्र हातात घेऊन खूप वेळ पाहिलं, आणि स्वतः खुर्चीवर चढून खिळ्याला लावलं. खाली लिहिलं होतं, सिद्राम गवंडी.

एका सभासदाने चष्मा वर केला. "ही बाजू चाळीस फुटी आहे ना हो? इथे तर चार बोटं!"

"चाळीस फूट दोन इंच," सिद्राम म्हणाला. "मीच बांधलीय. पण मी बसलो होतो तिथनं एवढीच दिसते."

"आणि हे ऊन?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. "इतकं लख्ख! कुठला रंग वापरलात, काका?"

सिद्रामने टोपी नीट केली. मान ताठ झाली. "तिथं मी हातच लावलेला नाही, बाई."

लोक पुन्हा चित्राकडे वळले. मास्तर अगदी मागच्या बाकावर बसले होते. शेजारच्या अनोळखी पाहुण्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "माझा विद्यार्थी आहे."