पट्टी, वर्गणी आणि एकशे बारा पायऱ्या

एका गावात एक नळयोजना होती आणि तिला दोन पुढारी होते. योजना साधी होती. विहीर टेकडीच्या पायथ्याशी, गाव टेकडीच्या माथ्यावर. विहिरीवरची मोटर पाणी वर टाकीत चढवी आणि टाकीतून ते चाळीस घरांच्या नळांना येई. पुढारी मात्र साधे नव्हते.

पहिले रंगनाथअण्णा बोडके. त्यांचे म्हणणे असे की पाणी देवाने दिले, त्याचे पैसे कसले? तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्य, आणि पुण्याची पावती फाडायची नसते. दुसरे सरपंच निवृत्ती शेलार. त्यांचे म्हणणे असे की मोटरचे वीजबिल देव भरत नाही, तेव्हा पाणीपट्टी बसवा. दोघांचीही वाणी अशी की ऐकत राहावे. गाव दोन वर्षे ऐकत राहिले. तेवढ्या काळात मोटरीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही आणि एके दिवशी ती जळाली.

त्याच महिन्यात ऊर्मिला अण्णांची सून होऊन गावात आली. स्थळ पाहायला आलेल्या तिच्या वडिलांना अण्णांनी स्वतः नळ सोडून दाखवला होता, आणि लेकीच्या डोक्यावर हंडा येणार नाही एवढ्यावरच वडिलांनी होकार दिला होता. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नळातून नुसता सुस्कारा आला. चौथ्या दिवशी हातातला हिरवा चुडा सांभाळत ती सासूबाईंच्या मागून विहिरीच्या पायऱ्या उतरली. उतरताना तिने त्या मोजल्या. एकशे बारा भरल्या. चढताना मोजायला दम उरला नाही.

मोटर दुरुस्त करायची तर पैसे हवेत, आणि पैसे हवेत तर ते कसे जमवायचे हे ठरायला हवे. म्हणून सभा बसू लागल्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत खुर्च्या सहाच, त्यामुळे सभा अण्णांच्या ओसरीवर भरे. सभा म्हटली की चहा आला. चहा म्हटला की पाणी आले. नव्या सुनेने माजघरातून बोलू नये अशी रीत होती, पण ऐकायला बंदी नव्हती. चुलीपाशी बसून ऊर्मिला सगळे ऐके.

पहिल्या सभेत वाद झाला तो माणशी घ्यायचे की नळामागे. ज्यांच्या घरात चौदा माणसे होती ते म्हणाले, नळामागे घ्या. ज्यांच्या घरात दोनच होती ते म्हणाले, माणशी घ्या. म्हशीवाले म्हणाले, माणशी म्हणजे माणशीच, उगाच मुक्या जनावरांना मधे आणू नका. ज्या मापात आपले कमी येईल तेच माप जो तो न्यायाचे म्हणत होता.

दुसऱ्या सभेत कोणीतरी तडजोड सुचवली. पट्टी हा शब्दच नको, वर्गणी म्हणू. अण्णा जरा विरघळले. पट्टी म्हणजे सरकारचा हात आपल्या खिशात, वर्गणी म्हणजे आपलाच हात आपल्या खिशात, असे ते म्हणाले. शेलार उसळले. वर्गणी गणपतीची असते, जो देत नाही तोही प्रसाद खाऊन जातो, असे त्यांचे उत्तर. या एका शब्दावर पुढच्या तीन सभा गेल्या. प्रत्येक सभेच्या शेवटी इतिवृत्ताच्या वहीत ‘विषय तहकूब’ असे लिहिले जाई, मंडळी घरी जात आणि ओसरीवर तीस कप उरत. ते विसळायलाही पाणी लागतेच. ऊर्मिलेला कधी कधी वाटे, मोटर जळाली हे बरेच झाले, नाहीतर या लोकांनी बोलायचे तरी काय?

सहाव्या सभेच्या चार दिवस आधी सासूबाई पायरीवरून घसरल्या. हंडा ठणठण करत विहिरीपर्यंत गेला आणि सासूबाईंचा गुडघा भोपळ्याएवढा झाला. दोन महिने पायरी चढायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आता घरातली चार माणसे, दोन म्हशी आणि गावाचे राजकारण, एवढ्यांचे पाणी एकट्या ऊर्मिलेच्या डोक्यावर आले. नवरा तालुक्याला कारखान्यात, तो सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. आणि त्याने तरी हंडा कधी उचलला होता?

सहाव्या सभेच्या दिवशी दुपारपर्यंत ती चार खेपा करून आली होती. पहिल्या चहात पाणी संपले. ओसरीवर अण्णांनी नुकताच एक मुद्दा जिंकला होता. त्या भरात त्यांनी दाराकडे वळून आणखी एकदा चहा करायला सांगितले.

ऊर्मिला रिकामा हंडा घेऊन बाहेर आली आणि तो तिने उंबऱ्याबाहेर ठेवला.

“पाणी संपलं, मामंजी.”

“मग घेऊन ये की.”

आतून, बाजेवरून, सासूबाईंचा आवाज आला. “ती चार वेळा जाऊन आली. माझा पाय उचलत नाही. आता तुम्हीच जा. फुकट तर आहे.”

ओसरीवर कोणीतरी हसू खोकल्यात दडवले. शेलारांनी तेवढेही केले नाही. अण्णा येईपर्यंत सभा थांबेल, त्यांनी निवांत जावे, असे ते मोठ्या आदराने म्हणाले.

ऊर्मिला उंबऱ्याआड सरकली. चार लोकांत घरच्या बायका अशा बोलल्या, आता काय होणार? अण्णांनी तिला खडसावून विहिरीवर पिटाळले असते तरी त्या गावात कोणी त्यांना नावे ठेवली नसती. सासऱ्याचा तो हक्कच समजला जाई. पण अण्णांना एक खोड होती. आपण बोललेले वाक्य पाळताना लोकांनी आपल्याला पाहावे, अशी त्यांना हौस होती. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि हंडा उचलला. ऊर्मिलेने डोक्यावर हंड्याखाली ठेवायची चुंबळ पुढे केली. ती नको म्हणून त्यांनी हात हलवला.

सगळी सभा उठून पायऱ्यांच्या तोंडाशी जमली. उतरताना अण्णा बोलत होते. हंडा भरतानाही बोलत होते. चढताना त्यांनी तो डोक्यावर घेतला तर तो डगमगला, खांद्यावर घेतला तर सदरा भिजला, कमरेवर घेतला तर हाड दुखले. ते तीनदा बसले. पन्नास पायऱ्यांनंतर त्यांचे बोलणे बंद झाले. असे कधी झालेले गावात कोणाला आठवत नव्हते. ओसरीवर पोचले तेव्हा हंडा निम्माच उरला होता.

शेलारांना राहवले नाही. “या अण्णा. बोलून बोलून घसा सुकलाय. एक तांब्या द्या बघू. देवाचंच पाणी आहे.”

अण्णांनी हंड्यावर पालथा हात ठेवला.

“देवानं ते खाली दिलंय. वर मी आणलंय.”

बोलून गेले आणि तसेच थांबले. ओसरीवर कोणी हसले नाही. अण्णांनी एकदा हंड्याकडे पाहिले, एकदा आतल्या बाजेकडे. मग ते शेलारांना म्हणाले, “सरपंच, तुम्हीही एक हंडा आणा. मग पट्टी की वर्गणी ते सांगा.”

शेलारांच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते, आणि गाव बघत होते. ते गेले. परत आले तेव्हा इस्त्री मोडली होती, एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि चेहऱ्यावरून राजकारण पार धुऊन गेले होते.

चहाला उकळी फुटायच्या आत सहा सभांचे काम झाले. अण्णांनी स्वतः मजकूर सांगितला. पट्टी नाही, वर्गणी नाही, हमाली लिहा. पाण्याला मोल नाही, ते टेकडीवर चढवायची हमाली, घरटी सारखी. कोणाला मान्य नसेल तर हंडा तिथेच आहे. कोणी हंड्याकडे वळला नाही. ज्यांना गेली दोन वर्षे एक शब्द पटत नव्हता, त्यांना हा लगेच पटला.

तेवढ्यात बाजेवरून पुन्हा आवाज आला. “नळ यायच्या आधी वीस वर्षं मी चढवलं. त्या हमालीचं काय लिहिताय?”

लिहिणाऱ्याचा हात थांबला. अण्णा उठले, त्यांनी दोरीवरची चुंबळ घेतली आणि दुसरी खेप आणायला गेले.

मोटर दुरुस्त व्हायला आठ दिवस लागले. आठही दिवस अण्णा रोज सकाळी दोन हंडे आणत होते. निम्मे सांडत, पण आणत. त्यांचे कौतुक साऱ्या गावाने केले, पंचक्रोशीत बातमी गेली, शेजारगावच्या एका मंडळाने शाल देऊन सत्कारही केला. ऊर्मिला त्यांच्या मागून भरली घागर घेऊन पायऱ्या चढत होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती तर रोजच चढत होती.

तात्पर्य: पाणी फुकट असते, ते वाहून आणणे फुकट नसते, ज्याने कधी हंडा उचलला नाही, त्याने पाण्याच्या मोलावर भांडत बसू नये, आणि जी रोज उचलते तिला आधी विचारावे.