वाटजाईचं अळणी पान

करवंदखिंडीच्या माथ्यावर वाटजाईचं देऊळ आहे. कौलारू, बुटकं, दारातून जाताना वाकावंच लागतं. मंडपाच्या खांबाशी दगडाची एक डोणी आहे आणि ती खड्याच्या मिठानं कायम भरलेली असते. इथं नवस फेडायला येणाऱ्या बायका घरून नैवेद्य करून आणतात तो अळणी. वरणात नाही, भाजीत नाही, भाताच्या आधणातसुद्धा चिमूट नाही. देवीला दाखवून झाला की मंडपात पंगत बसते. एरवी पानात सगळ्याआधी मीठ वाढायची आपली रीत. इथं ती जागा मोकळी सोडायची. मग डोणीतलं मीठ अनोळखी माणसानं येऊन आपल्या पानात वाढायचं. स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही, आणि ओळखीच्यानं वाढलेलं चालत नाही.

"नवऱ्यानं वाढलं तर?" पहिल्यांदा आलेली एखादी हमखास विचारते.

"नवरा ओळखीचा असतो ना, बाई?" देवळाची जुनी गुरवीण ठकूबाई म्हणते. "मग नाही चालत. आता तुझं तुला माहीत."

बायका हसतात. ठकूबाई पदर सावरून खांबाला टेकते आणि सारजाची गोष्ट सांगते. तिला तिच्या सासूनं सांगितली, सासूला तिच्या सासूनं.

म्हणे, तेव्हा खाली कोकणातून वर देशावर मीठ यायचं ते बैलांच्या पाठीवर, याच खिंडीतून. वर चढून आलं की प्रत्येक बैलवाला मूठभर मीठ देवीच्या डोणीत टाकायचा आणि पुढं जायचा. खिंडीखालच्या वरंडी गावातला हैबती असाच मिठाचे बैल हाकायचा. दिवाळी झाली की उतरायचा, होळीच्या आत परत. सारजा त्याची बायको. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. घरात तिसरं माणूस हैबतीची आई भिवरा. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं.

एका वर्षी सगळे बैल परत आले, हैबतीचेही आले, हैबती तेवढा आला नाही. सोबतचे म्हणाले, खाली तापानं पडला. अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून एका पाड्यावर ठेवून आलो. कुठला पाडा, ते दोघांनी दोन सांगितले. मागून कुणी तरी म्हणालं, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं; अशा माणसाचं काय खरं.

सारजा रडली नाही. ती खिंडीत आली, देवीसमोर बसली आणि बोलली, "तो मीठ आणायला गेलाय. तो घरी येईपर्यंत मी मीठ जिभेला लावणार नाही, हातालाही लावणार नाही. त्याला जिवंत ठेव."

बोलायला सोपं होतं. पण बाईच्या जातीला दिवसातून किती वेळा मिठाला हात लागतो! कालवणात, पिठात, लोणच्यात, ताकात. आता सगळ्यात मीठ घालायची पाळी भिवरावर आली. तिला चिमटीत किती आलं ते दिसत नसे. एक दिवस आमटी खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. "माझ्या लेकाची बायको उपाशी, आणि मी समुद्र पितेय," असं ती शेजारणीला सांगायची. पण सुनेला तिनं कधी हात घालायला सांगितलं नाही. दोघींचीही भिस्त त्या नवसावरच होती. गावातल्या बायका कुंकवाकडे बघत आणि नजर वळवीत. या दोघी म्हणत, व्रत चालू आहे तोवर तो आहे.

दर मंगळवारी सारजा अळणी नैवेद्य घेऊन वर येई. दाखवून झाला की मंडपात बसे आणि कोकणातून चढून येणाऱ्या प्रत्येकाला विचारी. कुणी काही सांगत नसे. थोडा भात त्या वाटसरूपुढं करी, उरलेला आपण खाई, आणि उतरे.

चैत्र आला. पळसाची फुलं गळून गेली होती, कातळ तापला होता. त्या मंगळवारी गुरव खाली गावात गेला होता आणि देवळात सारजा एकटीच होती. एवढ्यात पायरीशी काही तरी आपटल्याचा आवाज झाला. बघते तर खालून चढून आलेली एक बाई आडवी पडली होती. वयानं पोक्त, कासोटा घातलेली, डोक्यावरची पाटी बाजूला लवंडलेली. पोटऱ्यांत गोळे आले होते, हाताची बोटं आत वळली होती. सारजानं तिला ओढून सावलीत घेतलं, तोंडाला पाणी लावलं. प्यायलेलं पाणी बाईनं तिथंच ओकून टाकलं.

"मीठ घाल गो पाण्यात," ती कशीबशी म्हणाली. "साध्या पाण्यान नाय राहायचा."

हे सारजालाही ठाऊक होतं. मिठाच्या बैलांमागं चालणाऱ्या माणसाची ती बायको. उन्हात घाट चढलेल्याला कसलं पाणी द्यायचं, ते हैबतीनंच तिला सांगितलं होतं. डोणी चार पावलांवर होती.

ती उठून कड्यापाशी गेली आणि गावाच्या दिशेनं हाका मारल्या. वर कोण येणार त्या उन्हात? परत आली. बाईचे डोळे वर जायला लागले होते. सारजानं पळसाचं पान घेऊन त्यानं मीठ उचलायला बघितलं, पान फाटलं. थरावर थर पडून दगडासारखं बसलेलं मीठ ते. नखानं उकरल्याशिवाय निघणार नव्हतं.

असं सांगतात, की तिनं एकदा गाभाऱ्याकडं बघितलं. देवी काही बोलली नाही. हात वर केला नाही, फूल पाडलं नाही. मग सारजानं दोन्ही हात डोणीत घातले आणि मीठ उकरलं.

घोटाघोटानं पाणी पाजलं. ऊन कललं तशी बाईची बोटं सुटली, ती उठून बसली. भुकेनं व्याकूळ होती. सारजानं नैवेद्याचं पान तिच्यापुढं ठेवलं. बाई एकटी जेवायला तयार होईना. "माज्या म्होरं बसून बघत ऱ्हाशील? तुजा पान घे." दोन पानं झाली. बाईनं एक घास खाल्ला आणि थांबली. "मीठ नाय गो यात. इसरलीस?" आणि उठून डोणीतून चिमूटभर आणून तिनं आधी सारजाच्या पानात वाढलं, मग आपल्या.

सारजा त्या खड्यांकडे बघत राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. हैबतीचं, नवसाचं, आत्ता मोडलेल्या व्रताचं.

बाईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मी काय सांगू तुला? मी आपली लेकीच्या बाळंतपणाला चाललेली. ती आत बसलीय ना, तिनं बघितलाय. जेव आता."

सारजा जेवली. कित्येक दिवसांनी जिभेवर आलेलं मीठ, आणि त्यात डोळ्यांतलं.

ती बाई कोण, यावर पुष्कळ बोलतात. देवीच होती, असं म्हणणारे आहेत. ठकूबाईला ते पटत नाही. "देवीच्या पोटऱ्यांत गोळे कशाला येतील? आणि बाळंतपणाची घाई तिला कुठली?"

सारजा घरी आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझ्या हातून मोडलं." सगळं सांगितलं. भिवरा एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढचेही काही दिवस नाही. शेवटी आईच ती. गावात पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर एक जण म्हणाली, "वाटेवरच्या बाईसाठी नवऱ्यावर पाणी सोडलं गं हिनं." सारजानं घागर भरली आणि ती निघाली.

मग एका सकाळी जात्यावर बसल्या बसल्या भिवरानं विचारलं, "ती बाई गेली का लेकीकडं?"

"गेली."

"चालत गेली?"

"पाटी डोक्यावर घेऊन गेली."

भिवरानं जातं फिरवायला घेतलं. "मग झालं तर," ती म्हणाली. त्या दिवशी आमटीत मीठ सारजानं घातलं.

पावसाच्या तोंडाशी, शेवटचे बैल चढले त्यांच्यासोबत हैबती आला. हाडांचा सापळा, केस गळालेले, पण आपल्या पायांनी चालत. तापानं महिनोन्‌महिने झिजत होता, म्हणे. घोटभर पाणी पोटात ठरायचं, परत उलटून पडायचं. शेवटी तेही ठरेना. पाड्यावरच्या लोकांनी आशा सोडली होती. तेव्हा वाटेनं जाणारा कुणी म्हातारा थांबला आणि त्यानं मीठ घातलेली पेज चमच्या-चमच्यानं त्याला पाजली. ती ठरली. म्हातारा पुढं निघून गेला. नाव विचारायचं राहिलं.

"कधी रे ते?" भिवरानं विचारलं.

"मला काय माहीत, आये. मी शुद्धीवर कुठं होतो? अंगणात कुणी फणस फोडत होतं, एवढा वास आठवतो."

दिवस कुणी धरून ठेवला नव्हता. पण लोकांनी तो चैत्रातल्या त्या मंगळवाराशी जुळवला, आणि लोकांनी जुळवलेलं देवीनं कधी मोडलं नाही.

पुढल्या मंगळवारी सारजा वर आली. क्षमा मागायची की नवस फेडायचा, हे तिला ठरवता येईना. म्हणून नैवेद्य अळणीच केला, पान वाढलं, मिठाची जागा मोकळी सोडली आणि बसून राहिली. नवरा शेजारी होता, त्याला हात लावू दिला नाही. दुपारनंतर घाटातून कुणी अनोळखी माणूस आला, त्याला तिनं डोणी दाखवली.

आजही वाटजाईच्या मंडपात भरली पानं समोर घेऊन माणसं थांबलेली दिसतात. भात निवतो, कुणी कुरकुरत नाही. गर्दीच्या दिवशी एकमेकांच्या पानांत मीठ वाढायला बायका उठतात, जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. आडदिवशी एकटीच कुणी आली, तर ती दारातून खालच्या वाटेकडं बघत बसते. उशीर होतो कधीकधी. पण पानाला मीठ मिळालं नाही असं अजून झालेलं नाही, असं ठकूबाई सांगते.