लोकांची खुर्ची

कोल्हापूरचे निर्माते तात्यासाहेब इंगवले विनोदी सिनेमे काढायचे, पण हल्ली त्यांना विनोदाचीच धास्ती वाटायची. मंदा शेवडेबाईंनी लिहिलेल्या नव्या सिनेमात एक मंत्री स्वतःच्याच पुतळ्यासमोर उभा राहून स्वतःला श्रद्धांजली वाहतो. तात्यांनी आधी ओळखीच्या पन्नास जणांना सिनेमा दाखवला. अंधारात सगळे पोट धरून हसले. तात्यांचा तर डोळे पुसून पुसून रुमाल भिजला. दिवे लागले मात्र, सगळ्यांचे चेहरे गंभीर!

"आम्हाला चाललं हो," त्यांतले एक डॉक्टर म्हणाले, "पण लोकांना नाही चालायचं." शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनीही मान डोलावली.

"बाई, तो प्रसंग कापा," तात्या म्हणाले. "लोकांना असलं नकोय."

"कापते की! पण इथले तर सगळे हसले. हे 'लोक' राहतात तरी कुठं? त्यांच्यासाठी थिएटरात रोज एक खुर्ची राखून ठेवू. ते येऊन रागावले, की त्याच दिवशी कापते."

चारचौघांत तात्यांना नाही म्हणता येईना.

सिनेमा लागला. बाहेर हाऊसफुल्लची पाटी आणि आत ती एकच खुर्ची रिकामी. पन्नासाव्या दिवशी खुद्द तात्यांनाच जागा मिळेना. तेव्हा ते मुकाट्यानं त्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.