माळ्यावरची बाळंतीण

"मग मी नक्की करायचं तरी काय, आक्का?"

हेडसरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. साळूआक्का पत्रावळ लावत होत्या. पानावर पान ठेवायचं, काडी टोचायची, उरलेली मोडून टाकायची. पहिल्या दोन वेळांसारखीच याही वेळी त्यांनी मान वर केली नाही.

आक्का ही आमच्या गावची जुनी सुईण. वय ऐंशीच्या पुढे. दवाखान्याची सोय झाल्यापासून त्या दत्ताच्या देवळाच्या ओवरीत राहतात. त्यांनी कधी कुणाला उपदेश केला नाही, की शिष्य केलं नाही. पण रंगराव चौगले हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी आपलं आपणच शिष्यत्व जाहीर केलं. तेव्हापासून रोज सकाळी वही घेऊन येतात आणि आक्का काही बोलल्या की लिहून घेतात. आक्कांना त्याचा वैताग येतो. पण हेडसरांना वैतागलेल्यांची रांग मोठी आहे आणि त्यात माझा नंबर पहिला, कारण मी त्यांचा शेजारी.

"तीन आठवडे झाले," हेडसर म्हणाले. "उदमांजर. माळ्यावर. पिल्लांसकट."

"मग?"

"मग काय मग? घाण करतंय. रात्रभर फळ्यांवर धावतंय. घरात भात शिजत नसताना घनसाळ तांदळाच्या सुवासिक भाताचा वास येतो. तो त्या जनावराचा वास, आक्का."

"वास तर चांगला हाय की."

हे हेडसरांनी लिहून घेतलं नाही.

"काय काय केलंस?" आक्कांनी विचारलं.

"मिरच्यांची धुरी दिली. डांबरगोळ्या टाकल्या. वर मोठा दिवा लावला. रेडिओ लावून ठेवला."

"रेडिओ?"

"माणसाचा आवाज ऐकून पळतं म्हणे."

मी बाजूलाच ओवरीत बसलो होतो, इथे मला राहवलं नाही. "आक्का, तीन आठवडे आम्ही पण तो रेडिओ ऐकतोय. त्या मांजरीला आता बाजारभाव तोंडपाठ असतील. आणि मिरच्यांनी तिच्यापेक्षा मीच जास्त खोकलोय."

हेडसरांनी माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

"धुरीनं ती गेली का?" आक्का म्हणाल्या.

"गेली ना. एकेक पिल्लू तोंडात धरून देवघराच्या माळ्यावर गेली. तिथे धुरी दिली. मग स्वयंपाकघरावर गेली. तिथेही दिली."

"आता कुटं हाय?"



"मधल्या खोलीवर."

मधली खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. हेडसरांना एकच मुलगी, सुनेत्रा. इस्लामपूरला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून हेडसरांनी ती खोली रंगवून घेतली होती. खाट नवी आणली होती. बुधवारी तिला आणायला जायचं ठरलं होतं.

"म्हंजे तिला तितं तूच नेऊन पोचवलीस," आक्का म्हणाल्या.

"आक्का, तुम्हाला थट्टा सुचतेय." हेडसरांचा आवाज चढला. "इथं माझी पोर..."

"पोरीचं काय?"

...

"ती येत नाही म्हणते."

"मांजरीला भिऊन?"

"नाही." हेडसरांनी उगाच वहीची पानं उलटली. "काल फोनवर म्हणाली, मी तिकडं आले तर बाबा मलाही धुरी देतील."

मी हसू दाबलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी हातातली पत्रावळ बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"चल. घर दाव."

आक्का कुणाच्या घरी जात नाहीत, म्हणून मीही मागोमाग गेलो. शेजारधर्म म्हणा, नाहीतर भोचकपणा म्हणा.

हेडसरांच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, पाणी दिलं. त्यांचे डोळे सुजले होते. लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं तर लोक काय म्हणतील हे दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. ते त्या बोलत नव्हत्या.

मधली खोली लख्ख होती. खाटेसमोरच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. पट्टीनं आखलेल्या रेघा, लाल आणि निळी शाई.

"काय लिवलंय?" आक्कांना वाचता येत नाही.

"वेळापत्रक आहे." हेडसरांना जरा उत्साह आला. "साडेपाच, उठणे. पावणेसहा, दूध. सहा ते साडेसहा, चालणे. सात, नाश्ता आणि गोळ्या. दुपारी एक ते दोन, डाव्या कुशीवर झोपणे..."

प्रार्थनेनंतर सूचना वाचाव्यात तसं त्यांनी सगळं वाचलं. रात्री नऊ, दिवा बंद, इथपर्यंत. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यात रडायचा तास कंचा?"

"रडायचा?"

"पोरगी रडंल कवातरी. तवा काय करायचं तिनं?"

"ती कशाला रडेल? सगळं व्यवस्थित..."

"मागच्या खेपेला रडायलाच आली हुती," उंबऱ्यात उभ्या इंदूवहिनी म्हणाल्या.



दोन वर्षांपूर्वी सुनेत्राचं पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. महिनाभर राहायचं म्हणून ती इथं आली. तेव्हाही हेडसरांनी याच भिंतीवर कागद लावला होता. लोहाच्या गोळ्या, फेरफटका, चांगले विचार करणे अर्धा तास. पोरगी सहाव्या दिवशी सासरी परत गेली. तिला सासरचीच ओढ फार, असं हेडसर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. आम्हीही माना डोलवल्या होत्या. मला तेव्हा काही कळलं नाही याची आज लाज वाटते.

वर फळीवर काहीतरी सरपटलं. एक पिल्लू बारीक ओरडलं.

हेडसरांचा हात आपोआप दाराशी टेकवलेल्या बांबूकडे गेला. खालून फळ्या ठोकायची त्यांना सवयच लागली होती. आक्कांनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही, नाडी बघायला धरावं तसं.

...

वरची चुळबुळ हळूहळू थांबली. मग बारीक चुपचुप असा आवाज यायला लागला.

"पाजतीय," आक्का म्हणाल्या.

हेडसरांनी मान वर करून फळ्यांकडे बघितलं.

"हात थरथरतोय तुजा, रंगा."

"वय झालं."

"न्हाई."

...

"मला भीती वाटते, आक्का."

पंचवीस वर्षांच्या शेजारात मी हेडसरांना भिताना बघितलं नव्हतं. सगळं गाव त्यांना भ्यायचं, तीच रीत होती.

"मागच्या वेळी दवाखान्यात मी कागद भरत होतो," ते म्हणाले. "सही इथं, शिक्का तिथं. ती आत होती. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही मला. आता पुन्हा तसं काही झालं तर... मी काहीतरी करत राहायलाच पाहिजे ना?"

"ह्ये तिला सांगितलंस?"

"तिला कशाला? ती घाबरेल."

"ती घाबरलेलीच हाय. अन् एकली हाय." आक्कांनी मनगट सोडलं नाही. "लाव फोन."

हेडसरांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यांची सगळी संभाषणं मला भिंतीपलीकडून पाठ आहेत.

"हॅलो, सुनेत्रा? दुपारच्या गोळ्या..."

आक्कांची बोटं आवळली.

"काय झालं, बाबा?"

खोलीत कुठं बघावं ते हेडसरांना कळेना, शेवटी ते खाटेकडे बघत राहिले.

"मला भीती वाटते गं, बाळा."

...

फोन कट झाला असं मला वाटलं.

"मलापण, बाबा," सुनेत्रा म्हणाली.

आणि ती रडायला लागली. अगदी लहान पोरीसारखी, हुंदके देत. हेडसर हातात फोन धरून उभे होते. पाच मिनिटं तरी गेली असतील. त्या पाच मिनिटांत त्या माणसानं एकही सूचना दिली नाही. इंदूवहिनी उंबऱ्यातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून त्याही रडून घेतल्या.

शेवटी पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"बुधवारी या न्यायला."

"येतो."

"मांजर आहे का अजून?"

हेडसरांनी आक्कांकडे बघितलं. "आहे. मधल्या खोलीवर."

"राहू दे मग तिला."

फोन बंद झाला. हेडसरांनी चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या कागदाचा कोपरा धरून ओढला. चारही बाजूंना चांगला घट्ट डिंक लावला होता. कागद अर्धा फाटला आणि अर्धा भिंतीलाच राहिला. दूध निघालं, चालणं राहिलं. इंदूवहिनी ओलं फडकं आणायला गेल्या.

आक्का ओसरीवर येऊन चपला घालत होत्या. हेडसर त्यांच्या मागं आले. आता पाया पडणार असं मला वाटलं.

"आक्का, एवढं एक सांगा. ती वरची जाणार कधी?"

आक्कांनी डोळे मिटून घेतले.

"जाईल."

"ते झालंच. पण कधी? तारीख नको, नुसता अंदाज."

आक्का एक पायरी उतरल्या. थांबल्या. मागं वळून हेडसरांकडे बघितलं.

"ज्या दिवशी तू इचारायचं इसरशील बघ... त्याच्या आदल्या दिवशी."